ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन चेंबर : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

डॉक्टरांनी फाईलवर 'एचबीओटी, वीस आधी, दहा नंतर' असं लिहून दिलं की पेशंट आणि घरचे दोघेही गोंधळतात. ऑपरेशनची तारीख महिनाभर पुढे गेल्याची काळजी असतेच, त्यात ही नवी भर. एचबीओटी म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी, बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणं; वीस आणि दहा ही त्याची सिटिंग. या चेंबरमध्ये पेशंटबरोबर आत बसणं हे माझं रोजचं काम आहे. पहिल्या दिवशी लोकांच्या मनात काय असतं आणि त्यांना काय कोणी सांगितलेलं नसतं, हे त्यामुळे मला नीट ठाऊक आहे. हा लेख त्यांच्यासाठी लिहितोय.

उदाहरण मुख्यतः एकच घेतलंय : तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झालेला पेशंट, ज्याचा आता दात काढायचाय किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया करायचीय. तंबाखू आणि गुटख्यापायी आपल्याकडे असे पेशंट फार आहेत. शिवाय 'ऑपरेशनच्या तयारीसाठी ऑक्सिजन' ही पद्धत सगळ्यात जास्त वापरली गेली आणि सगळ्यात जास्त तपासली गेली ती याच ठिकाणी. मधुमेही पायाची जखम, प्लास्टिक सर्जरीतला फ्लॅप (एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसवलेला कातडी-मांसाचा तुकडा) यांचंही ओघात येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून टाका. ज्या जागेचा रक्तपुरवठा आटलाय आणि त्यामुळे जखम भरायला ऑक्सिजन कमी पडतोय, अशाच जागेला चेंबरचा उपयोग होतो. धडधाकट माणसाच्या धडधाकट जखमेला नेहमीच्या हवेतला ऑक्सिजन पुरतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आत नेमकं काय होतं

एरवी रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून जातो. रक्ताच्या द्रवात विरघळलेला ऑक्सिजन अगदी थोडा असतो, १०० मिली रक्तामागे जेमतेम ०.३ मिली. हवेचा दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन श्वासातून दिला की हा विरघळलेला भाग वाढत जातो, आणि तिप्पट दाबाला तो ६ मिलीच्या आसपास पोचतो. विश्रांतीत असलेल्या शरीराची गरज साधारण तेवढीच असते. १९६० साली ॲमस्टरडॅममध्ये इटे बोरेमा या शल्यचिकित्सकांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून, केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्यांना दाबाखाली जिवंत ठेवून दाखवलं. आधुनिक हायपरबेरिक उपचारांचा पाया तिथे घातला गेला.

पेशंटना इतका दाब देत नाहीत. नेहमीचा दाब वातावरणाच्या २ ते २.५ पट असतो. जबड्याच्या पेशंटला बहुधा २.४ पट, म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब असतो तेवढा.

रेडिएशनने कर्करोगाच्या पेशी मरतात, पण त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बंद होत जातात. हे वर्षानुवर्षं चालू राहतं. वरून कातडी ठीक दिसते, आतलं हाड मात्र उपाशी असतं. अशा जबड्यातला दात काढला तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं आणि कुजतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला याचा धोका जास्त, आणि रेडिएशनचा डोस ६० ग्रेच्या वर गेला असेल तर आणखी जास्त. वारंवार दिलेल्या दाबाच्या ऑक्सिजनमुळे अशा भागात नव्या केशवाहिन्या फुटायला लागतात. पण हे दोन-चार सिटिंगमध्ये होत नाही. नवं जाळं तयार व्हायला विसाच्या आसपास सिटिंग लागतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी वीस. ऑपरेशननंतरची दहा त्या ताज्या जखमेला आधार देण्यासाठी. चारच सिटिंग करून 'तयारी झाली' असं कोणी म्हणत असेल, तर त्याला हे कारण विचारा.

पहिली पायरी : तुम्हाला याची गरज आहे का

वीस-दहाचा हा आराखडा रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन तोंड-जबडा शल्यचिकित्सकांचा. १९८५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिएशन झालेल्या ७४ पेशंटवर चाचणी केली. अर्ध्यांना दात काढण्याआधी पेनिसिलिन दिलं, अर्ध्यांना चेंबर. पेनिसिलिनच्या गटात जवळजवळ ३० टक्क्यांचं हाड कुजलं, चेंबरच्या गटात ५.४ टक्के. हे आकडे पाहून जगभर हा आराखडा रूढ झाला, आणि तो पुढची तीस वर्षं कोणी फारसा तपासला नाही.

मग २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या होपॉन नावाच्या चाचणीचे निकाल आले. रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यातला दात काढायचाय किंवा इम्प्लांट बसवायचाय असे १४४ पेशंट तिच्यात घेतले होते. दोन्ही गटांना अँटिबायोटिक आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या, एका गटाला शिवाय चेंबर. सहा महिन्यांनी हाड कुजण्याचं प्रमाण चेंबरच्या गटात ६.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ५.७ टक्के निघालं. फरक नाहीच. रेडिएशनची आजची यंत्रं जास्त नेमकी आहेत, दात काढण्याची पद्धत जास्त हळुवार झालीय, त्यामुळे मुळातला धोकाच कमी झालाय.

म्हणून माझं स्पष्ट मत असं : रेडिएशन झालंय आणि एखादा साधा दात काढायचाय, एवढ्यावरून तीस सिटिंग घ्यायला धावू नका. चांगला तोंड-जबड्याचा सर्जन, टाके घालून नीट बंद केलेली जखम आणि गुळण्या यांनी बहुतेकांचं भागतं. मी याच कामावर पोट भरतो, तरीही हे सांगणं मला आवश्यक वाटतं, कारण पेशंटचे सहा आठवडे आणि पैसे दोन्ही जातात.

हाड आधीच उघडं पडलंय, जबड्याचा भाग कापून पायाच्या हाडाने, म्हणजे फिब्युलाने, जबडा पुन्हा बांधायचाय, अशा ठिकाणी प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. फ्रान्समधली २००४ ची एक चाचणी चेंबरचा फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. पण तिथे मुख्य भर चेंबरवरच होता. शस्त्रक्रियेच्या जोडीने दिलेल्या उपचाराबद्दल अनेक सर्जनांचा अनुभव अनुकूल आहे. पेंटॉक्सिफायलीन आणि व्हिटॅमिन ई यांच्या गोळ्यांचाही पर्याय आहे, तोही विचारून घ्या. हा निर्णय कर्करोग सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि हायपरबेरिक डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. तिघांपैकी एकाच्याच शब्दावर जाऊ नका.

आणखी एक, फार महत्त्वाचं. रेडिएशननंतर न भरणारी प्रत्येक जखम रेडिएशनमुळेच असते असं नाही. कर्करोग परत आला तरी जखम तशीच दिसते. बायोप्सी करून ते नाही हे पक्कं झाल्याशिवाय चेंबर सुरू करू नये. चेंबरमुळे कर्करोग वाढतो असा पुरावा आजवरच्या अभ्यासांत मिळालेला नाही, पण परतलेल्या कर्करोगाला महिनाभर ऑक्सिजन देत बसणं म्हणजे तो महिना हातचा घालवणं.

जबड्याखेरीज ऑपरेशनशी संबंधित कुठे उपयोग होतो? प्लास्टिक सर्जरीतला फ्लॅप काळानिळा पडायला लागला तर. पण तिथे पहिलं काम सर्जनचं : रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय का, ती उघडून काढता येते का, हे बघणं. त्यानंतर लगेच, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत चेंबर सुरू व्हायला हवं, आणि सुरुवातीला दिवसातून दोनदा. चांगला लाल राहिलेल्या फ्लॅपला याची गरज नसते. मूत्राशयाला किंवा गुदाशयाला रेडिएशनने इजा होऊन रक्त जातं, त्यांच्यासाठी पुरावा बऱ्यापैकी आहे. मूत्राशयाबद्दलची उत्तर युरोपातली २०१९ ची रिच-आर्ट चाचणी चेंबरच्या बाजूने गेली. मधुमेही पायाबद्दल मतभेद आहेत. स्वीडनमधल्या २०१० च्या चाचणीत वर्षभरात चेंबरच्या गटातल्या ५२ टक्के पेशंटची जखम भरली, दुसऱ्या गटात २९ टक्के. नंतरच्या कॅनडा आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत तसा ठळक फायदा दिसला नाही. पायाची मुख्य रक्तवाहिनी बंद असेल तर आधी ती उघडायला हवी, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

मांस झपाट्याने सडवणारं इन्फेक्शन असेल तर ऑपरेशन आधी, चेंबर नंतर. चेंबरसाठी ऑपरेशन एक तासही थांबवायचं नाही.

आणि गुडघा बदलायचाय, हर्निया आहे, सिझेरियन झालंय, पोटाची चरबी काढायचीय, म्हणून 'लवकर बरं व्हायला' चेंबरचं पॅकेज? काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यांच्या बळावर मी माझ्या आईला आत बसवणार नाही. त्यापेक्षा ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बिडी-सिगरेट सोडणं, शुगर आवाक्यात आणणं, हिमोग्लोबिन आणि प्रथिनं भरून काढणं यांनी जखम जास्त खात्रीने भरते.

दुसरी पायरी : फिटनेस, आणि काय लपवायचं नाही

चेंबरला जाण्याआधी हायपरबेरिक डॉक्टर तुम्हाला तपासतात. छातीचा एक्स-रे, ईसीजी, शुगर, कानाची तपासणी, आणि गरजेप्रमाणे टूडी एको. पायाच्या जखमेसाठी जखमेच्या कडेला छोटे सेन्सर चिकटवून कातडीतला ऑक्सिजन मोजतात. तो (पाऱ्याच्या) ४० मिलिमीटरच्या खाली असेल तर भाग उपाशी आहे असं धरतात. चेंबरमध्ये बसवल्यावर तो २०० च्या वर गेला तर उपचार लागू पडण्याची आशा चांगली.

एका गोष्टीला सरळ नकार असतो : फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असणं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, आणि त्यावर अजून उपचार झालेला नसणं. दाब कमी करताना ती हवा फुगते आणि जीव जाऊ शकतो. दुसरी गोष्ट लोक सांगायला विसरतात. पडदा सरकल्याचं डोळ्याचं ऑपरेशन करताना काही वेळा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. तो विरघळेपर्यंत चेंबर नाही. डोळ्याचा आणि जबड्याचा काय संबंध असं वाटून पेशंट बोलत नाहीत, म्हणून मी हे मुद्दाम लिहितोय.

औषधांची यादी पूर्ण द्या, जुन्या केमोथेरपीसकट. कधीही ब्लिओमायसिन मिळालं असेल तर फुप्फुसांचं आधी नीट बघावं लागतं. सिस्प्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन सध्या चालू असेल तर थांबावं लागतं. दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी घेत असाल, आणि घरात कोणाला ते माहीत नसेल, तर डॉक्टरांना एकट्याने सांगा, पण सांगा. फिट्सचा आजार, जास्त दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाची पंपिंग कमी असणं, पेसमेकर, कानाची जुनी शस्त्रक्रिया, गरोदरपण, बंद खोलीची भीती, हेही सगळं सांगायचं. यातल्या बऱ्याच गोष्टींनी उपचार बंद होत नाहीत, फक्त काळजी वेगळी घ्यावी लागते. पेसमेकर कुठल्या कंपनीचा आणि किती दाब सोसतो हे कार्ड पाहून तपासावं लागतं, म्हणून कार्ड बरोबर आणा.

डोकं-मान भागाला रेडिएशन झालेल्यांचा एक वेगळा प्रश्न असतो. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळीही रेडिएशनमध्ये कडक झालेली असते, त्यामुळे कानाचा दाब सोडवणं त्यांना जास्त जड जातं. त्यात अनेकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, जांभई देता येत नाही. अशा पेशंटला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आधीच पाठवलेलं बरं. लागलंच तर कानाच्या पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवतात आणि पुढची सगळी सिटिंग सुखाची होतात. कान दुखतो म्हणून पाचव्या सिटिंगला उपचार सोडून जाणारे पेशंट पाहिले की वाटतं, हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

तिसरी पायरी : केंद्र बघणं

चेंबर दोन प्रकारचे. एकात एकच माणूस आडवा झोपतो, पारदर्शक नळकांड्यात, आणि बहुधा सगळं नळकांडंच ऑक्सिजनने भरलेलं असतं. दुसरं मोठं, चार-सहा किंवा जास्त माणसं बसतील असं. त्यात दाब साध्या हवेचा असतो, ऑक्सिजन मास्कमधून किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपीतून मिळतो, आणि माझ्यासारखा अटेंडंट आत असतो. उपचार म्हणून दोन्ही चालतात. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात भोक पाडून बसवलेली नळी) असलेल्या किंवा जास्त आजारी पेशंटला मोठं चेंबर बरं, कारण हात लावायला माणूस आत असतो.

हल्ली तिसराच प्रकार दिसतो : चेन ओढून बंद करायची फुगवलेली मऊ पिशवी, जिचा दाब १.३ पटीच्या आसपास असतो. अशा पिशव्या मुळात डोंगरावर उंचीचा त्रास झालेल्यांसाठी निघाल्या. वेलनेस सेंटरमध्ये ताजेपणा, त्वचा आणि ऑपरेशननंतरची रिकव्हरी यांच्या नावाखाली त्या चालतात. जबड्याचा किंवा फ्लॅपचा उपचार यात होत नाही. वर सांगितलेली एकही चाचणी या दाबावर झालेली नाही.

भारतात या शास्त्राचं जुनं घर म्हणजे नौदल. पाणबुडीतल्या नौसैनिकांना आणि डायव्हरना दाबाच्या आजारावर उपचार करायचे तर चेंबर लागतंच. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी इथे नौदलाची मरीन मेडिसिनची संस्था आहे आणि या विषयाचे डॉक्टर तिथे तयार होतात. नंतर खासगी हॉस्पिटलांतही चेंबर आली. डायव्हरच्या संबंधामुळे एक होतं : तारकर्लीला किंवा गोव्यात पाण्याखाली गेलेल्या कोणाला सांध्यात कळा आल्या, हातपाय लुळे पडले, तर त्याला तातडीने चेंबर लागतं, आणि मग तुमची ठरलेली वेळ पुढे जाते. त्या दिवशी रागावू नका.

केंद्र बघायला जाल तेव्हा हे विचारा :

- सिटिंग चालू असताना हायपरबेरिकचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर इमारतीत असतात का, की फक्त टेक्निशियन?
- दाब किती देणार आणि किती मिनिटं? उत्तर आकड्यात यायला हवं.
- मध्येच फिट आली, कान फुटला, शुगर उतरली तर कोण काय करतं?
- आत जाण्याआधी अंगझडती कोण घेतं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. ऑक्सिजन भरपूर असला की एरवी विझून जाणारी ठिणगीही भडकते. ३१ ऑक्टोबर १९९७ ला इटलीत मिलानच्या एका हॉस्पिटलमध्ये चेंबरला आग लागून ११ माणसं गेली. हात शेकायचं एक छोटं साधन आत गेलं होतं, आग त्यातून लागली असं मानलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एका खासगी केंद्रात नळकांड्याच्या चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. झडती न घेता तुम्हाला आत सोडणाऱ्या केंद्रातून उठून या.

पैशांचं आधी लेखी घ्या : एका सिटिंगचे किती, डॉक्टरांची फी त्यात धरलीय का, ड्रेसिंगचे वेगळे का. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीच्या कागदात वगळलेल्या उपचारांची यादी वाचा. काही पॉलिसींमध्ये हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. ऑपरेशनला मंजुरी मिळाली म्हणून चेंबरला मिळालीच असं धरू नका. डॉक्टरांचं पत्र, बायोप्सीचा रिपोर्ट आणि जखमेचे तारखेसह फोटो जोडून आधीच मंजुरी मागा.

बाहेरगावच्यांनी दिवसांचा हिशोब करावा. आठवड्याला पाच सिटिंग धरली तर आधीची वीस म्हणजे चार आठवडे, मग ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा मुक्काम, मग आणखी दोन आठवडे. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे बरेच पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. टाटाच्या समाजसेवा विभागातून त्यासाठी चिठ्ठी मिळते का, हे पहिल्याच फेरीत विचारून ठेवा. सिटिंगमध्ये मोठा खंड पडला तर मेहनत वाया जाते, म्हणून लग्नकार्य, सणवार आधीच बघून तारखा घ्या.

चौथी पायरी : सिटिंगच्या दिवशी सकाळी

आंघोळ करा, पण डोक्याला खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे हीच चूक सगळ्यात जास्त होते. विशेषतः म्हातारी माणसं घरून निघताना चोपून तेल लावून येतात, आणि मग आम्हाला मावशींना पुन्हा केस धुवायला पाठवावं लागतं. तेल, व्हॅसलिन, बाम, अत्तर, डिओ, हेअर स्प्रे, ताजं नेलपॉलिश, ओठांना लावायचं मलम, सगळं बंद. तोंड सुकतं म्हणून रेडिएशनचे पेशंट ओठांना सतत काहीतरी लावतात. त्यांनी पाण्याने ओठ ओले करावेत, किंवा चालेल असं जेल केंद्रातूनच मागावं. जखमेवर घरी कुठलं मलम लावलंय तेही सांगा, काही मलमं पुसूनच आत जावं लागतं.

कपडे केंद्र देतं, शंभर टक्के सुती. नायलॉनची साडी, टेरिकॉटचा शर्ट, लोकरीचा स्वेटर बाहेर. मोबाईल, घड्याळ, श्रवणयंत्र, साखर मोजायचा चिकटवलेला सेन्सर, काडेपेटी, लायटर, काढता येतील असे दागिने, सगळं लॉकरमध्ये. मंगळसूत्र काढायला काही जणींना जड जातं. सोबतच्या नात्यातल्या बाईच्या हातात द्या, म्हणजे मन शांत राहतं. तंबाखूची पुडी खिशात सापडणारे पेशंटही असतात. तंबाखूने आणि सिगरेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि जे आत मिळवलं ते बाहेर जाऊन घालवलं जातं.

उपाशी येऊ नका. पोहे, उपमा, दूध-भाकरी, नळीतून घेत असाल तर नेहमीचं फीड, हे तास-दीड तास आधी. सोडा किंवा कोल्ड्रिंक टाळा, पोटातला गॅस दाब कमी होताना फुगतो. चेंबरमध्ये शुगर उतरते, म्हणून मधुमेही पेशंटची शुगर आत जाण्याआधी मोजतात. ती १०० ते १२० च्या खाली असेल तर बरीच केंद्रं काहीतरी खायला घालूनच आत घेतात. इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं की कमी, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. ताप असेल, सर्दीने नाक चोंदलं असेल तर फोन करून विचारा. अशा दिवशी सिटिंग चुकलेलं परवडतं.

आतले दोन तास

दार बंद झालं की दाब वाढायला सुरुवात होते. आवाज येतो, थोडं गरम होतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं कानांची. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला जसे दडे बसतात तेच इथे, फक्त जास्त जोरात आणि सतत. थुंकी गिळा, जबडा हलवा, किंवा नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकला. जोर लावायचा नाही. तोंड न उघडणाऱ्यांसाठी आम्ही पाण्याची बाटली जवळ ठेवतो, एकेक घोट गिळत राहायचं. मी सारखा विचारत असतो, "काका, कान मोकळे झाले का? झाले तर अंगठा वर करा." पुष्कळ काका सोसत बसतात, आणि दुखणं असह्य झाल्यावर सांगतात. तोवर कानाचा पडदा लाल झालेला असतो. दडा बसला की लगेच हात वर करायचा. आम्ही दाब थांबवतो, थोडा उतरवतो, पुन्हा हळू चढवतो. यात कोणाचाही खोळंबा होत नाही. दाब चढत असताना झोपायचंही नाही, कारण झोपेत माणूस कमी गिळतो.

ठरलेल्या दाबाला पोचलं की मास्क किंवा टोपी. इथून पुढे त्रास काही नसतो, बहुतेक जण डुलक्या काढतात. ऑक्सिजन साधारण ९० मिनिटं, आणि दर २० ते ३० मिनिटांनी पाच-दहा मिनिटं मास्क काढून साधी हवा. मास्क गालाला नीट चिकटलेला असला पाहिजे. जबड्याच्या ऑपरेशननंतर चेहऱ्याचा आकार बदललेल्यांच्या गालाशी फट राहते, तिथून हवा आत शिरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. अशा पेशंटनी सरळ टोपी मागावी.

ओठ थरथरणं, मळमळ, कानात शिट्टी, नजरेचं कडेचं दिसेनासं होणं, यातलं काहीही जाणवलं तर लगेच खुणावा. ऑक्सिजन जास्त झाल्याने काही हजार सिटिंगमध्ये एखाद्याला फिट येते. मास्क काढला की ती थांबते आणि बहुधा मागे काही राहत नाही, पण आधी कळवलंत तर तिथवर जातच नाही.

शेवटी दाब उतरतो, गार वाटतं, कधी धुकं दिसतं. या वेळी श्वास रोखायचा नाही, खोकला दाबायचा नाही, नेहमीसारखा श्वास घेत राहायचा.

ऑपरेशननंतरची दहा

आता पेशंट वेगळा असतो : टाके, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), नाकातली नळी, कधी गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी. वॉर्डातून चेंबरला यायच्या आधी नर्सकडून तीन गोष्टी बघून घ्या. वेदनेची गोळी किंवा इंजेक्शन वेळेवर झालंय का, ड्रेनची बाटली रिकामी केलीय का, आणि ट्रॅकिओस्टॉमीची नळी घट्ट बसवणाऱ्या फुग्यात हवेऐवजी सलाईन भरलंय का. फुग्यात हवा असेल तर दुप्पट दाबाला ती निम्मी होते, फुगा सैल पडतो आणि लाळ फुप्फुसात उतरू शकते. हे स्टाफचंच काम आहे, पण नातेवाइकाने एकदा विचारलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. बोलता येत नसेल तर पहिल्याच दिवशी हाताच्या खुणा ठरवून घ्या : कान, दुखणं, श्वास, लघवी.

रोजच्या ड्रेसिंगला चेंबर हा पर्याय नाही. कुजलेला भाग काढणं, तोंड स्वच्छ ठेवणं, गुळण्या, प्रथिनं पोटात जाणं हे सगळं चालूच राहतं. अंडी, डाळीचं पाणी, ताक, पनीर, जे गिळता येईल किंवा नळीतून जाईल ते मोजून द्या. दर आठवड्याला जखमेचा फोटो त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून काढा. सर्जनला दाखवायला त्यासारखं दुसरं काही नाही. पुरेशी सिटिंग होऊनही जखमेत काडीचा फरक नसेल तर आणखी दहा लिहून घेण्याऐवजी पुन्हा मूळ प्रश्न विचारा : गुठळी आहे का, इन्फेक्शन आहे का, कर्करोग परतलाय का?

ताप, वाढती सूज, नवीन रक्तस्राव, टाक्यांतून घाण येणं, छातीत कळ किंवा दम लागणं दिसलं तर पुढच्या सिटिंगची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनला फोन.

विसाच्या पुढे सिटिंग झाली की बऱ्याच जणांना लांबचं धूसर दिसायला लागतं, आणि चाळिशीचा चष्मा लावणाऱ्यांना उलट जवळचं चष्म्याशिवाय वाचता येतं. डोळ्यातल्या भिंगावर झालेला हा तात्पुरता परिणाम असतो. शेवटच्या सिटिंगनंतर काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत नजर मूळ जागी येते. तोवर नवा चष्मा करू नका, आणि रात्रीची गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. मोतीबिंदू आधीपासून असेल तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, त्याची वाढ काही जणांत पुढे सरकते.